काँक्रीटवर गुरमाळा फिरवायचा तो नेमका कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या बाहेर घर बांधताय, घरापुढं वीस बाय तीस फुटांचं पार्किंग चार इंच काँक्रीटचं करायचंय, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आरएमसीची, म्हणजे प्लँटवर कालवलेल्या तयार काँक्रीटची, एक गाडी येणार आहे. मिस्त्री म्हणतात, माल पसरला की लगेच वरून कोरडं सिमेंट भुरभुरून गुरमाळा (घोटून गुळगुळीत करायची लोखंडी थापी) मारू आणि संध्याकाळच्या आत मोकळे होऊ. प्लँटवरचा माणूस म्हणतो, चार तास हात लावू नका. शेजाऱ्यांच्या अंगणातला कोबा एका वर्षात धूळ सोडायला लागलाय, ते बघून तुम्हाला धास्ती बसलीय. कोणाचं ऐकायचं?

मी सव्वीस वर्षं हीच कामं करतोय, बहुतेक सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, मधली चार वर्षं सोलापुरात. गोडाऊन, पार्किंग, गुऱ्हाळघरं, एकदोन शाळांची पटांगणं. तेव्हा आधी मिस्त्रींबद्दल बोलतो. त्यांना जी घाई आहे ती सिमेंटमुळे नाही, एसटीमुळे आहे. गावाकडं जाणारी सहाची गाडी गाठायची, म्हणून पाचला हातपाय धुवायचे. यात त्यांचा दोष नाही. माल किती वाजता ओतायचा हे आपण ठरवतो, पण त्यानंतर पाच तास कोण थांबणार हे कोणीच ठरवत नाही. म्हणजे कोब्याची वेळ गाडीच्या वेळेवर ठरते, आणि बिघडते तिथेच.

प्लँटवाल्याचे चार तासही तसे अंदाजाचेच. एखाद्या दिवशी बरोबर निघतील, एखाद्या दिवशी तितक्या वेळात तुमचा माल दगड झालेला असेल.

माल ओतल्यावर आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. खडी आणि वाळू जड, त्या हळूहळू खाली बसतात. पाणी हलकं, ते वर येतं. आमटीचं पातेलं तासभर न हलवता ठेवलं की डाळ खाली बसते आणि वर निवळ येते ना, तसंच. साइटवर याला ‘पाणी सुटलं’ म्हणतात. हे पाणी वर येत असताना, किंवा वर साचलेलं असताना, तुम्ही लोखंडी गुरमाळा फिरवलात की ते पाणी वरच्या दोनतीन मिलिमीटरच्या थरात परत कालवलं जातं. खाली एम-ट्वेंटीचं, म्हणजे ठरलेल्या मजबुतीचं, काँक्रीट आणि वर पाणीच पाणी असलेली सिमेंटची लापशी. हा थर वाळल्यावर दिसतो छान, गुळगुळीत. पण तो ठिसूळ असतो. गाडीची चाकं फिरली, दोनचारदा झाडलं, की भुकटी सुटायला लागते. शेजाऱ्यांचं असंच झालं असणार. त्यांनी सिमेंट कमी घातलं असेल असं तुम्ही धरून चालला असाल, पण मला त्याची खात्री वाटत नाही. सिमेंट भरपूर घालूनही कोबा धुळीला लागतो, वेळ चुकली तर.

कोरडं सिमेंट भुरभुरण्यानं तर दुहेरी नुकसान. ते वरचं पाणी शोषून घेतं, म्हणून लगेच घोटता येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात वर एक निव्वळ सिमेंटची साल तयार होते. सिमेंट जितकं जास्त तितकं आकुंचन जास्त. खालचं काँक्रीट कमी आकसतं, वरची साल जास्त, आणि मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. पाण्याचा शिपका मारून त्या ओल्या केल्या की नकाशा कसा उमटतो ते शेजाऱ्यांच्याच अंगणात बघून या. कोणी म्हणेल, फ्लोअर हार्डनरही (फरशी टणक करायची भुकटी) कोरडाच टाकतात की! टाकतात, पण तो पाणी उडून गेल्यावर, ठरलेल्या मापानं, आणि मशीननं आत मळला जातो. पाणी पुसायचा कपडा म्हणून कोणी वापरत नाही.

एक चूक माझीच सांगतो. धंद्यात पडून दुसरं वर्ष. मिरजेजवळ एका गोडाऊनची फरशी, डिसेंबर महिना. सकाळी नऊला माल टाकायला सुरुवात केली, दुपारी एकपर्यंत भरून झालं. थंडीत माल सावकाश धरतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण मशीनचं भाडं अंगावर चढत होतं आणि मशीनवाला दुसऱ्या साइटचं नाव घेऊन सारखं घड्याळ बघत होता. वरचा ओलसरपणा जरा कमी दिसल्यावर अडीचलाच पॉवर ट्रॉवेल (फिरत्या पात्यांनी घोटायची मशीन) चढवली. आमच्याकडं पोरं तिला हेलिकॉप्टर म्हणतात. पाचला फरशी आरशासारखी. मालक खूश, मी खूश. तीन आठवड्यांनी पोत्यांची ट्रॉली फिरायला लागली आणि मालकाचा फोन आला. जाऊन हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो. काही ठिकाणी टणटण, काही ठिकाणी भद. भद वाजलं तिथं पट्टी घालून उचकटलं, तर पापडाएवढा जाड पापुद्रा सरळ हातात आला. त्याची खालची बाजू गुळगुळीत होती. ती बघितल्यावर मला उमगलं: वरचं तोंड मी पाण्यानं आणि हवेनं बाहेर पडायच्या आधीच बंद केलं होतं. ते सगळं वर येऊन त्या तोंडाखाली अडकलं आणि तिथंच थर सुटला. नऊशे चौरस फूट खरवडून स्वखर्चानं परत केलं. पुढच्या दिवाळीला घरी काही नवीन आलं नाही.

म्हणून खरा प्रश्न ‘किती तासांनी’ हा नसून, पाणी सुटायचं थांबलं का आणि सुटलेलं उडून गेलं का, हा आहे. त्याला लागणारा वेळ कशाकशावर अवलंबून असतो ते तुमच्याच कामावरून बघू.

सिमेंट कुठलं ते पहिलं. पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲश असलेलं, ओपीसीपेक्षा, म्हणजे साध्या सिमेंटपेक्षा, सावकाश धरतं. आरएमसीत बहुधा फ्लाय ॲश असतेच, आणि वर प्लँट लांब असेल तर रिटार्डर टाकलेला असतो, म्हणजे रस्त्यात माल धरू नये. या रिटार्डरनं सगळं गणित दोनतीन तास पुढं ढकललं जाऊ शकतं. तेव्हा ऑर्डर देतानाच सरळ विचारा: रिटार्डर आहे का, आणि या हवेत माल किती तास ओला राहील? प्लँटवाल्याच्या चार तासांत हे धरलेलं असेल तर तो माणूस अगदीच वाऱ्यावर बोलत नाहीये.

इथं एक गैरसमज नव्या इंजिनिअर पोरांमध्ये फार दिसतो. सिमेंटचा इनिशियल सेटिंग टाइम (घट्ट व्हायला लागायची वेळ) ३० मिनिटं, म्हणून अर्ध्या तासात सगळं उरका! ते ३० मिनिटं म्हणजे भारतीय मानकानं घातलेली कमीत कमी मर्यादा आहे, आणि फायनल सेटिंगची ६०० मिनिटं ही जास्तीत जास्त. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतल्या सिमेंटच्या घट्ट लगद्याचे, २७ अंशांच्या आसपास, व्हिकॅटच्या सुईनं मोजलेले. तुमच्या अंगणातल्या काँक्रीटमध्ये पाणी जास्त, खडी-वाळू जास्त, ऊन वेगळं. त्या आकड्यांचा इथं काडीचा उपयोग नाही.

दुसरं तापमान. ढोबळ हिशेब असा की काँक्रीट पाच-सहा अंशांनी थंड झालं तर धरायचा वेळ साधारण तिसऱ्या हिश्शानं वाढतो, गरम झालं तर तसाच कमी होतो. डिसेंबरातला कोबा आणि एप्रिलमधला कोबा ही दोन वेगळी कामं समजा. तिसरं, खालचा थर. खाली कोरडं सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरूम असेल तर तो पाणी खाली ओढतो. प्लास्टिक कागद अंथरला असेल तर सगळं पाणी वरच येणार, थांबावं जास्त लागणार. चौथं, सावली. तुमच्या अंगणात घराच्या भिंतीलगतचा पट्टा सावलीत आणि रस्त्याकडचा उन्हात असेल, तर एकाच कोब्यात दोन वेळा सांभाळाव्या लागतात. आधी टाकलेला माल आधी तयार होतो हे तर आहेच.

आणि पाचवं म्हणजे ड्रायव्हरच्या हातातला पाण्याचा पाइप. माल पसरायला जड वाटला की बिगारी ओरडतात, ‘पातळ कर रे!’ आणि तो टाकीतलं पाणी सोडतो. प्रत्येक जादा बादली पुन्हा वर येणार, तिची वाट बघावी लागणार, आणि मजबुती जाते ती वेगळीच. त्या दिवशी तुम्ही फक्त या पाइपजवळ उभे राहिलात तरी निम्मं काम झालं.

लातूरला मात्र अडचण उलटी येते, आणि बहुतेक माहिती पावसाळी किंवा थंड हवेची असते म्हणून ती तुम्हाला कोणी सांगणार नाही. चिपळूणला जुलैत पाणी उडता उडत नाही, माणूस कंटाळतो. एप्रिलच्या लातुरात ऊन चाळिशीच्या आसपास, हवा कोरडी, वर दुपारनंतर वारा. इथं पाणी जितक्या वेगानं वर येतं त्याहून जास्त वेगानं उडतं. चौरस मीटरमागे ताशी एक लिटरच्या आसपास पाणी उडायला लागलं की धोका सुरू, असा जगभरातला ठोकताळा आहे, आणि तुमच्याकडची भर दुपार तो आरामात ओलांडते. मग दोन गोष्टी होतात. एक, माल अजून मऊ असतानाच वर हातहातभर लांब, तिरप्या भेगा पडतात. दुसरी गोष्ट जास्त फसवी. वर साय धरते, पण खाली दही लागलेलं नसतं. पृष्ठभाग सुकलेला दिसतो, चकाकी गेलेली असते, मिस्त्री म्हणतो झालं तयार. पाय ठेवला की आख्खा भाग थुलथुलीत हलतो, जेलीसारखा. अशा सायीवर गुरमाळा मारला तर लाटा उठतात, साय फाटते, आणि पाणी खाली अडकायचं ते अडकतंच.

तेव्हा एकट्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, बाजूला उकिडवं बसून उन्हाच्या किंवा बॅटरीच्या दिशेनं तिरपं बघायचं. ओली चकाकी गेली आणि रंग मंद, मेणचट झाला की पाणी उडालं. दुसरी, पाऊल. सपाट तळाचा बूट घालून एका कडेला पूर्ण वजनानं उभं राहायचं. घोटा बुडत असेल तर चहा मागवा. ठसा पाव इंचाएवढा, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास उमटला, आणि ठशात पाणी साचलं नाही, तर लाकडी रंध्याची, म्हणजे पृष्ठभाग सारखा करायच्या लाकडी थापीची, वेळ झाली. मशीन चढवायची असेल तर ठसा त्याच्या निम्म्याएवढाच हवा. तिसरी, अंगठा. ठशाच्या शेजारी अंगठा दाबायचा. वर कडक आणि आत बुळबुळीत लागलं तर ती साय आहे, फसू नका. तिन्ही चाचण्या सावलीच्या पट्ट्यात वेगळ्या आणि उन्हाच्या पट्ट्यात वेगळ्या करायच्या.

ठशात पाणी भरतंय आणि तुम्हाला थांबायला खरंच वेळ नाही, तर सिमेंट टाकण्यापेक्षा रबरी पाइपचा लांब तुकडा दोघांनी दोन टोकांना धरून पृष्ठभागावरून अलगद ओढत न्या. पाणी कडेला निघून जातं. साधी युक्ती आहे, फुकट आहे, आणि का कोण जाणे, आमच्या भागात फारच कमी लोक करतात.

आता तुमचं काम माझ्याकडं असतं तर मी काय केलं असतं?

माल दुपारी साडेचार-पाचला मागवला असता. पहाटेचा माल थंड असतो हे खरं, पण तो नेमका धरायच्या वेळी अकरा-बाराचं ऊन गाठतो. संध्याकाळी ओतला की पुढचे सगळे तास उतरत्या उन्हाचे. आदल्या दिवशी खालचा थर चांगला भिजवायचा, पण ओतताना त्यावर डबकी नकोत. पश्चिमेला वाऱ्याच्या आड शेडनेट बांधायचं. वीस बाय तीसचे सहाशे चौरस फूट, चार इंच जाडीनं दोनशे घनफूट, म्हणजे साडेपाच-पावणेसहा घनमीटर. सहा घनमीटरची एक गाडी, एका दमात होणारं काम. पसरून, व्हायब्रेटर लावून, ॲल्युमिनियमचा पाटा लगेच ओढून घ्यायचा, आणि त्याच दमात एकदा लाकडी रंधा फिरवून वरची खडी दाबून घ्यायची. एवढं सगळं पाणी वर यायच्या आत. उतारही तेव्हाच, दहा फुटांना सव्वा इंच धरा, गेटकडं.

यानंतर हात बांधून बसायचं. याच वेळात मिस्त्रींचे हात शिवशिवतात. फक्त एक काम चालू ठेवा: शेतातला पाठीवरचा फवारणी पंप, नवा कोरा किंवा स्वच्छ धुतलेला (तणनाशकाचा नको, त्याचं पाणी कशालाच नको), नोझल बारीक करून वाऱ्याच्या बाजूनं हवेत तुषार सोडायचे. काँक्रीटवर पाणी मारायचं नाही, त्याच्यावरची हवा दमट ठेवायची. तरीही ओल्यातच भेग दिसली तर घाबरू नका, माल मऊ आहे तोवर लाकडी रंधा दाबून फिरवला की ती मिटते. तासाभरानं दिसली तर मात्र नुसती वरून लिंपली जाईल, आत राहील.

रिटार्डर नसेल तर तुमच्या हवेत माझा अंदाज असा: पाच वाजता ओतलेल्या मालाची चकाकी साडेसहा-सातला जाईल, पाऊल पाव इंचावर येईल साडेसातच्या सुमाराला. मग रंधा. गुडघ्याखाली फळीचे दोन तुकडे घेऊन, ज्या टोकाला माल आधी टाकला त्या टोकाकडून. नंतर अर्धा-पाऊण तास पुन्हा थांबायचं.

आणि यापुढं लोखंडी गुरमाळा तुम्हाला लागतच नाही! पार्किंग उघड्यावर आहे. घोटून काचेसारखं केलेलं उतरतं अंगण पावसाळ्यात घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी सापळा असतो. रंध्यानंतर नरम केसांचा खराटा एकाच दिशेनं, उताराला आडवा, एकेका ओढीत फिरवा. खराट्यामागं रेघ स्वच्छ उठली पाहिजे. लगदा ओढला गेला तर वेळ झालेली नाही, रेघच उमटली नाही तर वेळ गेली. आत व्हरांड्यासाठी वगैरे गुळगुळीत हवंच असेल तर गुरमाळा पहिल्या फेरीला सपाट धरायचा, नंतरच्या फेऱ्यांत हळूहळू तिरपा, आणि शेवटच्या फेरीला तो पात्यानं किर्रकिर्र वाजला पाहिजे. मिस्त्री जुना असेल तर आवाजावरूनच सांगतो. घोटताना माल कोरडा वाटला म्हणून वाटीनं पाणी शिंपडायची सवय असते, ती मोडा. पाणी शिंपडावं लागतंय याचा अर्थ तुम्हाला उशीर झालाय, आणि उशिराला पाणी हे औषध नाही.

बाकीचं पटकन सांगतो. फिनिशिंग झाल्याबरोबर प्लास्टिक कागद झाका, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला विटा. दुसऱ्या दिवशी सकाळीच, ऊन चढायच्या आत, दहा बाय दहाचे सहा चौकोन पडतील असे एक इंच खोल ग्रूव्ह मशीननं कापून घ्या. त्यानंतर गोणपाट किंवा आळी करून पाणी. आयएस ४५६:२००० प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि कोरड्या-उष्ण हवेत किंवा फ्लाय ॲशच्या सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवायचं. तुमच्याकडं दोन्ही लागू पडतं, म्हणून १४ दिवस धरा. पाइपची जोरदार धार पहिल्या दोन दिवसांत नको.

एक खुलासा करतो, कारण तुम्ही पुढं वरच्या स्लॅबचंही काम काढणार असं लिहिलंय. गच्चीच्या स्लॅबवर नंतर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा येणार असेल तर तिथं घोटत बसूच नका. पाटा ओढून, रंधा मारून खरखरीतच सोडा, वरचा थर धरायला तेच हवं. पाणी सुटणं, भेगा, झाकणं हे सगळं तिथंही तसंच, फक्त गुरमाळ्याची भानगड नाही.

आणि मिस्त्रींशी आधीच बोलून घ्या. ‘तुमचं चुकतंय’ असं म्हणू नका, ते तुमच्या माझ्यापेक्षा जास्त कोबे करून बसलेत. एवढंच म्हणा की पसरायला सगळी माणसं लागतील ती सातला मोकळी, तुम्ही आणि एक जण नऊपर्यंत थांबा, त्याची दोघांना अर्धी हजेरी जादा, रात्रीचं जेवण माझ्याकडं, आणि घरी सोडायला माझी गाडी. दोन हॅलोजन लावून ठेवा, आणि लाईट गेली तर म्हणून एक चार्जिंगची बॅटरी. या सगळ्याचा खर्च सिमेंटच्या तीनचार पोत्यांच्या आसपास येईल. भुरभुरायला मिस्त्री तेवढीच पोती मागणार होते.

प्लँटवाल्याकडून रिटार्डरचं उत्तर आलं की कळवा. तो असेल तर माल साडेतीनला मागवायचा की पाचलाच, हे पुन्हा बघावं लागेल.